जोडीतला एक वेगवान, दुसरा सावकाश: परदेशातली सायकल सहल कशी आखायची?

नागपूर आणि सायकल म्हटलं की अनेकांना डॉ. अमित समर्थ आठवतात. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरहून लांब सायबेरियातली शर्यतही त्यांनी पार केली.

या शर्यतींमुळे शहरात सायकलची हवा तयार झाली. पहाटे फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्सकडे निघालेले सायकलस्वार आता रोज दिसतात. त्यातून पुढचा विचार येतो: यंदाची सुट्टी परदेशात, सायकलवर घालवली तर?

पण शर्यत एकट्याची असते आणि सुट्टी दोघांची. घरात एक जण रविवारी ८० किलोमीटर मारून येतो, दुसऱ्याची सायकल भाजी आणण्यापुरती बाहेर निघते. या दोघांनी आठ दिवस एकत्र सायकल चालवायची कशी? नीट आखणी नसेल तर तिसऱ्या दिवशी एकाचे गुडघे बोलू लागतात आणि दुसऱ्याचा संयम संपतो. दोघांची सहल सुखाची व्हावी यासाठी काय काय पाहावं लागतं, ते समजून घेऊ.

सरासरी काढली तर काय बिघडतं?

बहुतेक जोडपी मधला मार्ग काढतात. एकाला दिवसाला ९० किलोमीटर हवे असतात, दुसऱ्याला ४० झेपतात, मग ६५ वर तोडगा निघतो. ऐकायला हे न्याय्य वाटतं, रस्त्यावर मात्र चालत नाही.

समजा, एकाचा आरामाचा वेग ताशी २२ किलोमीटर आहे आणि दुसऱ्याचा १३. ६५ किलोमीटरला पहिल्याला तीन तास लागतील, दुसऱ्याला पाच. दोघांनी मधला म्हणजे १७.५ चा वेग धरायचा ठरवला, तर सावकाश चालवणाऱ्याला सपाट रस्त्यावरही जवळपास दुप्पट ताकद लावावी लागते. कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. अशी ताकद एखादा तास लावता येते. रोज चार तास, तेही आठ दिवस लावता येत नाही.

दुसरी अडचण विश्रांतीची. पुढे गेलेला चढावर थांबतो, पाणी पितो, फोटो काढतो. वीस मिनिटांनी दुसरा धापा टाकत पोहोचतो आणि त्याच क्षणी पहिला म्हणतो, "चल, निघू या." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळत नाही. दिवसभर असंच होत राहिलं तर संध्याकाळी भांडण ठरलेलं.

म्हणून अशा सहलीचा पहिला नियम हा: आखणी सावकाश चालवणाऱ्याच्या क्षमतेवर करायची, आणि वेगवान व्यक्तीला त्यावर जास्तीचं अंतर वेगळं द्यायचं. सगळ्यांसाठी ४० किलोमीटर. ज्याला आणखी हवे त्याने सकाळी लवकर उठून किंवा मुक्कामी पोहोचल्यावर ३०-४० किलोमीटरचा फेरा मारून यावा. दोघांपैकी कुणालाच मन मारावं लागत नाही.

सुरुवातीला कोणते प्रश्न विचारायचे?

देश निवडण्याआधी दोघांनी बसून या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत.

* सावकाश चालवणारी व्यक्ती सलग तीन दिवस, रोज किती किलोमीटर सहज चालवू शकते? इथे एखाद्या दिवसाचा विक्रम धरायचा नाही. तिसऱ्या दिवशीही जे जमेल ते खरं अंतर.
* त्रास नेमका कशाचा होतो: चढाचा, वाहनांच्या गर्दीचा, उन्हाचा, की सीटवर जास्त वेळ बसण्याचा? प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.
* वेगवान व्यक्तीला या सहलीतून काय हवंय? एखादा घाट सर करायचाय, की नुसतं सायकलवर फिरायचंय?
* गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह असं काही असेल तर डॉक्टर काय म्हणतात?

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. अनेक घरांत एकाचा सराव कमी पडतो त्याचं कारण ताकद नसून वेळ हे असतं. सकाळचा डबा, मुलांची शाळा आणि ऑफिस एकाच व्यक्तीच्या डोक्यावर असेल, तर ती व्यक्ती पहाटे साडेपाचला सायकलवर बसणार कधी? सहलीआधीचे तीन महिने ही कामं वाटून घेतली, तर दोघांमधला फरक बराच कमी होऊ शकतो.

कोणता मार्ग अशा जोडीला सोयीचा?

मार्ग निवडताना दोन गोष्टी बघाव्यात: रस्ता किती सपाट आहे, आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर रेल्वे, बस किंवा बोट मिळते का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुटकेचा रस्ता माहीत असला की माणूस निवांत सायकल चालवतो.

*डॅन्यूब नदीकाठ, जर्मनी-ऑस्ट्रिया:* जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंतचा हा मार्ग सुमारे ३२० किलोमीटरचा आहे. तो 'युरोव्हेलो ६' या अटलांटिक ते काळा समुद्र अशा लांबलचक सायकल मार्गाचा भाग आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं असल्याने मोठे चढ फारसे नाहीत, वाराही बऱ्याचदा पाठीमागून असतो. वाटेत बराच भाग मोटारींपासून वेगळा आहे. जवळून रेल्वे जाते, नदीत बोटी चालतात. द्राक्षमळ्यांचं वाखाऊ खोरं याच वाटेवर आहे. २००० मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर पोहोचवणाऱ्या सेवाही इथे मिळतात. रोज ४० किलोमीटर धरले तर आठ दिवसांत हा मार्ग होतो.

*नेदरलँड्स:* माणसांपेक्षा सायकली जास्त असलेला देश. इथे सायकलवाटांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक दिलेला असतो. '२३ वरून ४१, तिथून ५६' असे आकडे कागदावर लिहून घेतले की रस्ता चुकत नाही. जोडीसाठी याचा मोठा फायदा असा, की एक जण २३ वरून थेट ४१ ला जाऊ शकतो आणि दुसरा चार नाके जास्तीचे फिरून तिथेच येऊन भेटू शकतो. देश सपाट आहे, पण समोरून येणारा वारा चढाइतकाच दमवतो, हे लक्षात ठेवावं.

*शिमानामी काइदो, जपान:* ओनोमिची ते इमाबारी हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग बेटांना जोडणाऱ्या पुलांवरून जातो. १९९९ मध्ये तो पूर्ण झाला. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, तिच्यामागे जायचं. पुलावर चढणारे रस्ते सायकलस्वारांचा विचार करून मंद उताराचे ठेवले आहेत. वेगवान माणसाला हे एका दिवसाचं काम. जोडीने दोन किंवा तीन दिवसांत, बेटावर मुक्काम करत जावं. भाड्याची सायकल वाटेतल्या दुसऱ्या केंद्रावर परत करता येते. मात्र विजेच्या आणि दोघांच्या सायकलींसाठी नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे आधी विचारून घ्यावं.

*व्हिएतनाम:* दक्षिणेकडचा मेकाँग त्रिभुज प्रदेश पूर्ण सपाट आहे. मध्य व्हिएतनाममध्ये हुए आणि दा नांग यांच्यामध्ये हाय व्हान घाट लागतो, उंची सुमारे ५०० मीटर. इथे जोडीची वाटणी छान होते. एकाने घाट सायकलने चढावा, दुसऱ्याने समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रेल्वेने दा नांग गाठावं. रेल्वेतून दिसणारं दृश्यही कमी नाही.

रस्त्याची बाजूही तपासावी. जपान, थायलंड आणि श्रीलंकेत आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात. युरोपचा बहुतेक भाग आणि व्हिएतनाममध्ये उजवीकडून. ज्याला आधीच रस्त्यावर भीती वाटते, त्याला पहिल्या सहलीत डावीकडचा देश सोपा जातो.

ई-बाईक घेतली तर प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो. पॅडल मारल्यावर मोटर मदत करते अशी ही सायकल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साध्या सायकलसारखी वापरता येणारी ई-बाईक जास्तीत जास्त २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होते. भारतात अनेक विजेच्या सायकलींना स्कूटरसारखा थ्रॉटल असतो. तिथल्या या सायकलींना तो नसतो. पॅडल मारावंच लागतं.

सावकाश चालवणाऱ्याने ई-बाईक आणि वेगवान व्यक्तीने साधी सायकल घेतली, की सपाटीवर दोघं बरोबर चालतात. घाटात मात्र चित्र उलटतं: ई-बाईकवाला पुढे जातो आणि घाम गाळणारा मागे राहतो. काही जोडप्यांना हीच सर्वांत मोठी गंमत वाटते.

तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. ही सायकल २० ते २५ किलो वजनाची असते, त्यामुळे स्टेशनच्या जिन्यावरून उचलणं जड जातं. बॅटरी किती चालेल हे चढ, वारा आणि मदतीची पातळी यांवर ठरतं, म्हणून रोज रात्री चार्जिंगची सोय विचारून घ्यावी. आणि मोटर असली तरी सीटवर चार तास बसायचं असतंच. त्याचा सराव मोटर करून देत नाही.

दुसरा पर्याय टँडमचा, म्हणजे दोघांची एकच सायकल. तिच्यात कुणी मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही. जोडीदाराला कमी दिसत असेल किंवा तोल सांभाळण्याची भीती असेल, तर हा पर्याय सर्वांत चांगला. पुण्याचे दृष्टिहीन साहसवीर दिव्यांशु गणात्रा यांनी २०१६ मध्ये मनाली ते खारदुंगला हा हिमालयातला प्रवास टँडमवर केला होता. पण टँडमवर वळणं, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हातात असतं. मागच्याचा पुढच्यावर विश्वास हवा आणि पुढच्याने खड्डा, ब्रेक, वळण आधी सांगायची सवय लावायला हवी. सराव न करता परदेशात थेट टँडम घेऊ नये.

रोज मुक्काम बदलायचा की एकाच गावात राहायचं?

पहिल्यांदाच जात असाल तर एकाच गावात तीन-चार रात्री राहून रोज वेगळ्या दिशेला फिरून येणं सोपं पडतं. सामान वाहावं लागत नाही. एखाद्या सकाळी पाय जड वाटले तर दुसऱ्याने खुशाल खोलीवर आराम करावा, बाजार फिरावा. वेगवान व्यक्तीने त्या दिवशी आपला लांबचा पल्ला गाठावा. कुणामुळे कुणाचा दिवस वाया जात नाही.

गावोगाव जायचंच असेल तर दर दोन दिवस सायकल चालवल्यावर एक दिवस मोकळा ठेवावा. पाऊस, पंक्चर, पोटदुखी यांची सोय त्यातच होते.

नागपूरकरांची खरी अडचण: उन्हाळा

युरोपात सायकलचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. जूनच्या सहलीसाठी सराव एप्रिल-मे मध्ये करावा लागतो, आणि तेव्हा नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हात नव्याने सराव सुरू करणं धोक्याचं आहे. उष्माघात ताकद पाहून येत नाही.

म्हणून तारखा सरावाच्या हिशेबाने ठरवाव्यात.

* मेकाँगचा कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल असतो. जानेवारी-फेब्रुवारीत जायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर सराव. नागपुरातले सर्वांत चांगले महिने.
* जपानला मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सराव. हा मेळ उत्तम बसतो.
* डॅन्यूबसाठी सप्टेंबर निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात सराव होतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा हेही त्यात शिकून होतं, कारण पाऊस तिकडेही गाठतोच.

सराव कुठे आणि कसा?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, बऱ्यापैकी सपाट शहर आहे. सपाटीचा सराव दारात होतो, चढाचा होत नाही. त्यासाठी सेमिनरी हिल्सचा चढ पुन्हा पुन्हा चढणं हा जवळचा उपाय. लांबच्या पल्ल्यासाठी रामटेक सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मनसरपर्यंतचा जबलपूर महामार्ग ट्रकांच्या वर्दळीचा असल्याने नवख्याने मनसरपर्यंत गाडीने जाऊन पुढे रामटेक आणि खिंडसी तलावाचा परिसर सायकलने फिरावा. समृद्धी महामार्गाकडे सायकल वळवू नये. तिथे दुचाकींना आणि सायकलींना परवानगी नाही.

बारा आठवड्यांचा साधा हिशेब असा: पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा १० ते १५ किलोमीटर. पुढचे चार आठवडे त्यात रविवारी २५ ते ३० ची भर. शेवटचे चार आठवडे शनिवार-रविवार सलग दोन दिवस, सहलीत रोज जेवढं चालवायचं तेवढंच अंतर. दुसऱ्या दिवशी सायकलवर बसावंसं वाटलं, तर तयारी झाली. वाटलं नाही, तर सहलीतलं रोजचं अंतर कमी करावं. माणूस बदलण्यापेक्षा आकडा बदलणं सोपं.

वेगवान व्यक्तीनेही यातल्या काही फेऱ्या जोडीदाराच्या मागे राहून, त्याच्या वेगाने कराव्यात. हाही सरावच आहे, आणि अनेकांना तो जास्त जड जातो.

व्हिसा, विमान आणि सामान

युरोपसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचं असतं. विमा घेताना त्यात सायकलिंग आणि ई-बाईकवरचा अपघात धरला आहे का, हे वाचून घ्यावं. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. पासाऊ ते व्हिएन्ना मार्गावर बहुतेक मुक्काम ऑस्ट्रियात होतात, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, तो ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा आहे.

नागपूरहून थेट परदेशी विमानं मोजकीच असल्याने बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीहून जावं लागतं. स्वतःची सायकल खोक्यात भरून दोन-दोन विमानं बदलण्यापेक्षा तिकडे भाड्याने घेणं सोयीचं. ई-बाईक तर भाड्यानेच घ्यावी लागते: प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि ई-बाईकच्या बॅटऱ्या साधारण ४०० च्या पुढे असतात.

सायकल बुक करताना दोघांची उंची सेंटीमीटरमध्ये कळवावी. युरोपात मोठ्या फ्रेम जास्त असतात. पाय टेकत नसलेली सायकल मिळाली तर सावकाश चालवणाऱ्याचा उरलासुरला धीरही जातो. सवयीची सीट सोबत नेली तर आणखी उत्तम. ती बॅगेत मावते.

खाऊमध्ये चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर चालतात. युरोपीय संघात मात्र बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यामुळे खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवावी.

दोघं वेगळे निघाले तर काय काळजी घ्यायची?

* फोन, सिमकार्ड, थोडी रोकड, पासपोर्टची प्रत आणि हॉटेलचा पत्ता दोघांकडे स्वतंत्र हवा.
* पंक्चरची ट्यूब आणि पंप दोघांकडे हवा. पंक्चर काढायला दोघांनीही शिकून घ्यावं.
* भेटायची जागा ठरलेली आणि ओळखता येण्यासारखी असावी: रेल्वे स्टेशन, चर्च, फेरीबोटीचा धक्का. 'पुढच्या वळणावर' ही जागा नव्हे.
* विश्रांतीची वेळ मागून येणाऱ्यापासून मोजायची. तो पोहोचला की दहा मिनिटं सुरू.
* 'आज पुरे' म्हणण्याचा अधिकार दोघांनाही सारखा. त्यावर त्या दिवशी चर्चा नको.
* युरोपीय संघात आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

तिकिटं काढण्याआधी एक चाचणी करून बघावी. शनिवार-रविवार दोघांनी एखाद्या जवळच्या ठिकाणी मुक्कामाने सायकल सहल करावी. तिथे अंतर, थांबे, जेवण सगळं सावकाश चालवणाऱ्याने ठरवावं. परतल्यावर त्याला एकच प्रश्न विचारावा: उद्या पुन्हा निघशील का? उत्तर लगेच 'हो' आलं, तर व्हिसाचा अर्ज भरायला हरकत नाही.